लिंकनहून पत्र: आजीच्या लुगड्याचा वीतभर तुकडा

॥ श्री ॥

लिंकन, नेब्रास्का, अमेरिका
रविवार, 7 डिसेंबर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आईस,
मनूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र हातात पडल्यावर घाबरू नका, काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर आहे, खोली उबदार आहे आणि आईनं दिलेलं मेतकूट अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. आमच्या विभागातला एक मुलगा पुढच्या शनिवारी पुण्याला निघतोय. दोन दिवस तो मिरजेला मामाकडे येणार आहे, आणि मिरजेहून इचलकरंजी ती किती लांब! त्याच्या हाती हे पत्र आणि एक पुडकं देतेय. फोनवर सांगायला गेलं की दुकानात गिऱ्हाईक येतं, मशीन सुरू होतं आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. शिवाय गेल्या महिन्यात इथली घड्याळं तासभर मागे गेली, आता आपल्यात साडेअकरा तासांचं अंतर आहे. तुम्ही दुकानाचं शटर वर करता तेव्हा मी अंथरूण घालत असते. म्हणून लिहूनच पाठवते. दादानं मोठ्यानं वाचून दाखवावं. पैशांचं शेवटी लिहिलंय, तेवढं दुकानात वाचू नये, घरी वाचावं.

आधी बोटाचं. आई, माझ्या करंगळीवरची पट्टी बघून तू दोन रात्री झोपली नाहीस असं दादा म्हणाला. अगं, डाव्या हाताची करंगळी आणि तीसुद्धा टोकाला. दर शनिवारी मी चर्चच्या हॉलमध्ये तुकडे जोडून पांघरुणं शिवायला जाते ना, त्या कामासाठी इथे कापड कातरीनं कापत नाहीत. दांड्याला 45 मिलिमीटरचं गोल पातं बसवलेलं असतं, ते चाकासारखं फिरतं. खाली खास चटई अंथरायची, वर जाड पारदर्शक पट्टी दाबून धरायची आणि तिच्या कडेनं पातं पुढे ढकलायचं. ओल्फा नावाच्या जपानी कंपनीनं 1979 साली हे हत्यार काढलं. चार-सहा पदर एका दमात कापले जातात आणि कड अशी सरळ येते की बाबा, तुम्ही हातात घेऊन बघतच राहाल. माझी करंगळी पट्टीच्या बाहेर राहिली होती, चूक माझीच. दोन टाके पडले, ते निघालेसुद्धा. भांडी घासताना हातमोजा घालते, एवढंच. आता या गोष्टीवर पडदा टाका.

दुसरं चर्चचं. आत्यानं कुणाकडून काय ऐकलं मला माहीत नाही, पण मला कुणी बाटवत नाहीये. चर्चच्या तळघरात मोठा हॉल आहे, आठ लांब टेबलं आहेत, चार मशीनं आहेत, कॉफी असते. दर शनिवारी सकाळी 9 ते 12 पंधरा-वीस बायका जमतात, निम्म्याहून अधिक सत्तरी ओलांडलेल्या. सुरुवातीला एक मिनिट प्रार्थना होते, त्या वेळी मी हात जोडून उभी राहते. आपल्या मारुतीच्या देवळात भजनाला बसायच्या आधी कसं सगळे क्षणभर गप्प होतात, तसंच ते वाटतं. रविवारी चर्चला ये असं मला आजवर एकीनंही म्हटलेलं नाही. उलट चतुर्थीचा उपास आहे असं एकदा सांगितलं, तर त्यातल्या एकीनं पुढच्या खेपेला आपणहून केळी आणली.

आणि आता बाबा, तुमचं बोलणं. दिवाळीत फोनवर तुम्ही म्हणालात, ‘मशीनपासून सुटावीस म्हणून तुला शिकवली, आणि तिथं जाऊन चिंध्या निवडत बसलीस?’ मी त्यावर काही बोलले नाही, नेटवर्क गेलं असं म्हणाले. नेटवर्क गेलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज मनात तुम्हाला उत्तर देतेय, ते आज कागदावर उतरवते.

आजी गेली तेव्हा मी आले नाही. का आले नाही ते तुम्हाला माहीत आहे, परत लिहीत नाही. त्यानंतरचा जानेवारी फार वाईट गेला. बाहेर उणे 20, दुपारी पाचलाच दिवस मावळायचा, आणि रात्री झोपताना एकच गोष्ट आठवायची: निघताना आजीनं गोधडी बांधून दिली होती आणि 23 किलोच्या वर जातंय म्हणून मी ती विमानतळावर काढून दादाच्या हातात परत दिली होती. कुकर ठेवला, गोधडी काढली. असो. अशात ग्रंथालयाच्या फलकावर एक कागद दिसला: शनिवारी पांघरुणं शिवतो, कुणीही यावं, शिवता आलंच पाहिजे असं नाही. मी गेले. पहिल्या दिवशी एका बाईंनी माझ्यापुढे कपड्यांच्या तुकड्यांनी भरलेली तीन खोकी ठेवली आणि म्हणाल्या, यातलं काय कामाचं ते निवड. बाबा, आतला वास आला. नव्या-जुन्या कापडाचा, इस्त्रीचा, थोडा मशीनच्या तेलाचा. आपल्या दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्याचा. मी तीन तास मान वर केली नाही.

जूनमध्ये गणवेशांचा घाऊक माल यायचा तेव्हा मी त्या पोत्यात हात घालून बसलेली असायची, आठवतं ना? खाकी, पांढरं, निळ्या चौकड्या. मोठे तुकडे खिशाला, मधले पिशव्यांना, उरलेले उशीत. ते मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही, तुमच्या पायाशी बसून आलं. इथे मी पहिल्या तासाला दोन खोकी संपवली तेव्हा त्या बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी सांगितलं, माझे वडील टेलर आहेत. तेव्हापासून कुठल्या कापडाबद्दल शंका आली की सगळ्या माझ्याकडे येतात. सुती की पॉलिएस्टर हे कळत नसलं तर मी धागा ओढते, बाहेर पायरीवर जाऊन काडी लावते. कागदासारखा जळून मऊ राख पडली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. तुम्ही समईवर दाखवलं होतं तसंच. डॉक्टरेट करणारी मुलगी म्हणून मला त्या हॉलमध्ये कुणी विचारत नाही. टेलरची मुलगी म्हणून विचारतात, आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. तुम्हालाही वाटू देऊ नका.

आम्ही जी पांघरुणं करतो ती साधी असतात. माप 60 बाय 80 इंच. वर तुकडे जोडलेला थर, मध्ये कापूस नाहीतर जुनं ब्लँकेट, खाली चादर, आणि तिन्ही थर दर पाच-सहा इंचांवर जाड दोऱ्याच्या गाठींनी एकत्र बांधायचे. ती लुथरन वर्ल्ड रिलीफ या संस्थेकडे जातात. 1945 सालची संस्था आहे, युद्ध, भूकंप, पूर यांत घर गेलेल्यांना ती देते. कुणी पांघरतं, कुणी खाली अंथरतं, कुणी दाराला लावतं. आई, आजी म्हणायची ना, गोधडी म्हणजे घरातलं सगळ्यात कामाचं वस्त्र? तेच.

पण याच बायका घरी जे क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडलेल्या इथल्या गोधड्या, करतात त्याची गोष्ट वेगळी, आणि ती मला कळायला पाच-सहा महिने लागले. तुम्हालाही चमत्कारिक वाटेल, म्हणून नीट सांगते.

इथे बायका दुकानात जाऊन नवंकोरं, उत्तम सुती कापड विकत घेतात. 44 इंच पन्ह्याचं, बारा-तेरा डॉलर वार, म्हणजे आपले हजार-अकराशे रुपये वार. घरी आणतात, इस्त्री करतात, आणि त्याचे तुकडे करतात. मग ते तुकडे परत एकमेकांना जोडतात. हो, बरोबर वाचलं. फाटलं म्हणून नाही, उरलं म्हणूनही नाही, तुकडे करण्यासाठीच आणतात. इतकंच नाही, दुकानं तुकडे करूनच विकतात. अडीच इंच रुंदीच्या चाळीसेक पट्ट्या एकत्र गुंडाळून त्याची वळकटी विकायला ठेवलेली असते, रंग सगळे एकमेकांना शोभणारे. पाच इंची चौकोनांची चळत मिळते. पाव वार कापड मागितलं तर दोन तऱ्हांनी मिळतं. एक साधी, 9 इंच बाय 44 इंच, लांबलचक पट्टी. दुसरी अशी की अर्धा वार कापायचा आणि तो मधून उभा दुभागायचा, म्हणजे 18 बाय 22. कापड तेवढंच, पण यातून मोठे चौकोन निघतात, पट्टीतून निघत नाहीत. याला त्या फॅट क्वार्टर म्हणतात. बाबा, तुम्ही ब्लाउजपीस कापताना पन्हा कसा वळवून बघता, तोच हिशोब.

आणि हे कापड घरात साठवतात. एकीनं मला तिची खोली दाखवली, चारही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर कापडाच्या घड्या. आयुष्यभर शिवलं तरी संपणार नाही एवढं. मला आधी राग आला होता. आपल्याकडे बाई लुगडं विरेपर्यंत नेसते, मग त्याचं दुपटं, मग गोधडी, मग पायपुसणं. आणि इथे कोरं कापड कातरायचं? मी एकदा विचारूनच टाकलं. त्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझी आई पिठाच्या पोत्यांचे फ्रॉक शिवायची. 1930 च्या मंदीत इथे पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य छापील सुती पोत्यांतून यायचं, फुलाफुलांच्या नक्षीचं, आणि बाया त्यांचे कपडे आणि क्विल्ट करायच्या. म्हणाल्या, आईला हवं ते कापड कधी घेता आलं नाही, मला येतं, म्हणून घेते. यावर मी काय बोलणार! तुम्हीही माझ्यासाठी हेच केलंत. तुम्हाला जे मिळालं नाही ते माझ्यासाठी विकत घेतलंत.

नंतर विद्यापीठाच्या संग्रहालयात आणखी एक गोष्ट वाचली. आमच्या विद्यापीठाचं क्विल्टांचं मोठं संग्रहालय आहे, इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम. रॉबर्ट आणि आर्डिस जेम्स या नवरा-बायकोनं 1997 साली सुमारे 950 क्विल्ट विद्यापीठाला दिले, त्यातून ते उभं राहिलं, 2008 साली त्याची नवी इमारत झाली. मी समजत होते, हे सगळं गरिबीतून सुरू झालं असेल. तसं नाही. इथल्या सगळ्यात जुन्या क्विल्ट पैसेवाल्यांच्या घरातल्या, भारी कापडाच्या. गिरण्यांचं सुती कापड स्वस्त झालं तेव्हा कुठे तुकड्यांच्या क्विल्ट घरोघरी होऊ लागल्या. तुकडे उरायलासुद्धा आधी घरात कापड असावं लागतं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

आता निवडण्याबद्दल सांगते, बाबांसाठी. तुम्ही म्हणाल त्यात काय निवडायचं. मलाही तसंच वाटलं होतं. मी लाल एकीकडे, हिरवे एकीकडे, निळे एकीकडे असे ढीग लावले, छान दिसत होते. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क बाई, वय 84, टेबलाशी आल्या, चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि माझ्या लाल ढिगातले निम्मे तुकडे उचलून निळ्यांत टाकले. मला काही कळेना. मग त्यांनी माझाच मोबाइल घेऊन टेबलाचा काळा-पांढरा फोटो काढायला लावला. बघते तर मरून आणि बाटली-हिरवा दोन्ही एकच, काळपट राखी! आणि अबोली नि आकाशी दोन्ही एकच, फिकट. रंगाचं नाव काय याला इथे महत्त्व नाही. उजळ की गडद, एवढेच दोन ढीग, आणि मधल्यांचा तिसरा. डोळ्यांना जी नक्षी दिसते ती रंगानं होत नाही, या उजेड-सावलीनं होते. त्या दिवसापासून मी रस्त्यानं चालतानासुद्धा लोकांचे कोट बघत डोळे बारीक करते.

प्रत्येक तुकडा आधी इस्त्रीखाली जातो. मग त्यातून निघेल तो मोठ्यात मोठा आकार आधी काढायचा. पाच इंची चौकोन बसतो का? नाही? मग अडीच इंचाची पट्टी. तीही नाही तर दीड इंचाची. इंचाहून बारीक जे उरतं ते पोत्यात, त्यातून भटक्या कुत्र्यांच्या आश्रमासाठी गाद्या भरतात. कापताना उभा धागा सांभाळायचा. तुकड्याला किनार नसते, मग उभं-आडवं ओळखायचं कसं? कडेचा एक धागा उसवून बघायचा, आणि दोन्ही हातांनी ताणून बघायचं. क्रॉसमध्ये कापलं तर शिवताना ताणतं आणि सगळं पांघरूण पापडासारखं फुगतं. मी आठवीत असताना परकराची पट्टी क्रॉसमध्ये कापली होती आणि तुम्ही ती काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतली होती. आजही तुकडा ताणून बघितल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

माया पाव इंच. तुम्ही कपड्याला इंचभर सोडता, उद्या अंगानं भरला तर उसवून वाढवता यावं म्हणून. इथे दोनच सूत, पण ती दोन सूत म्हणजे दोन सूत. सोळा चौकोनांच्या रांगेत 15 शिवणी येतात. एकेका शिवणीत दोन्हीकडून मिळून एक सूत जास्त गेलं, तर रांग जवळजवळ दोन इंच आखूड होते आणि शेजारच्या रांगेला जुळत नाही. पहिली चार पांघरुणं माझी अशीच गेली. उसवली, परत शिवली.

पुडक्यात एक छोटी गादी आहे, दुकानातल्या तुमच्या स्टुलासाठी. माप अंदाजानं 14 इंच धरलंय. नऊ-नऊ चौकोनांचे ठोकळे जोडलेत, सगळे तुकडे त्या खोक्यांतले आहेत. सरळ बाजू आईला आवडेल. बाबा, तुम्ही मागची चेन उघडून आतली उलटी बाजू बघा. तुम्ही नेहमी तीच आधी बघता, म्हणून मी तीच आधी केली.

अभ्यासाचं विचाराल म्हणून सांगते, शनिवारचे तीन तास सोडले तर सगळा वेळ त्यालाच आहे. सरांनी दुसरं प्रकरण मंजूर केलं, तिसऱ्याचं काम चाललंय. संख्याशास्त्रात शेतातले प्रयोग असतात, चार जातींचे मके शेताच्या तुकड्यांत असे पेरायचे की प्रत्येक जात प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या ओळीत एकदाच यावी. एकसारखं कापड शेजारी-शेजारी येऊ नये म्हणून चौकोन मांडताना मी तेच करते. सरांना फोटो दाखवला तर त्यांनी तो वर्गात दाखवला. दादा, हे बाबांना समजावून सांग, तू माझ्यापेक्षा बरं सांगशील.

एक गोष्ट फोनवर सांगितली नव्हती. मार्चमध्ये एक गृहस्थ खोकं घेऊन आले, बायको वारल्यावर तिचं सामान आवरत होते. खोक्यात साडेतीन इंची चौकोन होते, कापलेले, दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्यानं बांधलेले, वर टाचणीनं चिठ्ठी: थोरल्या नातीसाठी. शेवटच्या गठ्ठ्यात सातच होते. आम्ही ते तुकडे बाकीच्यांत मिसळले नाहीत. उरलेले तीन मी कापले, सगळ्यांनी मिळून ती क्विल्ट पुरी केली आणि त्यांना नेऊन दिली. त्या रात्री घरी आल्यावर मी ठरवलं ते पुढे सांगते.

आता पैशांचं. या महिन्यात 35 हजारांऐवजी 22 हजारच आले हे दादाच्या लक्षात आलं असणार, त्यानं विचारलं नाही एवढंच. गाडीचं टायर बदलावं लागलं, आणि टाक्यांचं बिल विम्यातून सगळं सुटलं नाही, 140 डॉलर माझ्याकडे आले. म्हणून वर लिहिताना बोटाचं लवकर आवरलं. रागावू नका. सुट्टीत विद्यापीठातच जादा तासांचं काम मिळालंय, जानेवारीत राहिलेले 13 आणि वर 40 हजार पाठवते. ते 40 बाबांच्या मोतीबिंदूचे आहेत. लग्नाच्या मांडवाला, बँडला त्यातला एक रुपया लावायचा नाही. बाबा, सुई ओवायला शेजारच्या पोराला हाक मारता हे मला कळलंय. कर्जाचे 11 हप्ते राहिलेत. पुढच्या दिवाळीपर्यंत गाळ्याच्या कागदांवरचा बोजा उतरेल, आणि ते कागद मी स्वतः बँकेतून आणून तुमच्या हातात देणार आहे.

दादाच्या लग्नाला मला येता येणार नाही. चार वेळा लिहून खोडलं, शेवटी असंच लिहिते. व्हिसाचा शिक्का संपलाय. आले तर नवा मिळेपर्यंत परत येता येणार नाही, आणि किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नाही. आजीच्या वेळी हेच कारण होतं. दादा, तू ‘चालतंय गं’ म्हणालास, पण मला तुझा आवाज कळतो. वहिनीला मी स्वतः फोन करीन. हळदीला करवली म्हणून आत्याच्या पोरीला उभी कर, माझी जागा मोकळी ठेवू नकोस, मोकळी जागा फोटोत फार दिसते.

माझ्या स्थळाचं. आत्यानं सांगितलेला पुण्याचा मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण आई, प्रबंध हातावेगळा होईपर्यंत मला कुणाला शब्द देववत नाही. 29 वय झालं हे मला माहीत आहे. शेजारी काय म्हणतात तेही माहीत आहे. दीड वर्ष थांबा, मग तुम्ही म्हणाल त्याला भेटेन. पत्रिका पाठवली असेल तर असू दे, परत मागू नका, तेही वाईट दिसतं.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. मार्चमधल्या त्या रात्री ठरवलं ते हेच: दादा-वहिनीला आहेर म्हणून मी क्विल्ट करतेय, 6 फूट बाय 8 फूट. नक्षीचं नाव लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांचं घर. मध्ये एक लहान चौकोन असतो, पूर्वापार तो लाल घेतात, घरातली चूल म्हणून. त्याच्या भोवती एकेक पट्टी फिरवत न्यायची, एका अंगाला उजळ, दुसऱ्या अंगाला गडद. असे 12 इंची 48 ठोकळे. ते एका विशिष्ट तऱ्हेनं मांडले की नांगरटीच्या तासांसारखे तिरके पट्टे दिसतात. एका ठोकळ्याला 20 पट्ट्या, म्हणजे 960. तेव्हापासून शनिवारच्या उरलेल्या तुकड्यांतून मी त्या कापल्यात. सगळ्यात आखूड अडीच इंच, सगळ्यात लांब साडेबारा, लांबीप्रमाणे बुटांच्या खोक्यांत लावून ठेवल्यात. आमच्या बाईंनी मोजून दिल्या.

मधले 48 चौकोन नाहीत. ते मला आजीच्या लाल लुगड्याचे हवेत.

आई, पेटीतली लुगडी तू गोधडीवालीला देणार होतीस, दिली असशील तर राहू दे, मी काही म्हणणार नाही. नसलीस दिली तर लाल लुगड्यातला वीतभर तुकडा पुरे, पूर्ण पन्ह्याचा. अडीच इंचाच्या तीन पट्ट्या निघतात, एकेकीत 18 चौकोन, झाले. बसण्याच्या भागातला नको, तो विरलाय. पदर नको, पदर आत्याला हवा होता. निऱ्यांच्या आतला भाग घे, तो उन्हाला फारसा लागलेला नसतो. पातळ असला तरी चालेल, मी मागून अस्तर लावीन. बाबांनी ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का ते बघावं आणि चिठ्ठीवर लिहून द्यावं. आणि कापायचं असेल तेव्हा बाबांनीच कापावं. तुकडा त्याच मुलाच्या हाती द्या, तो 12 जानेवारीला परत निघतोय. पत्ता आणि नंबर दादाला पाठवलाय.

क्विल्ट लग्नात पोचणार नाही, उन्हाळ्यात येईल. पण या नक्षीत मधला चौकोन असल्याशिवाय पहिली पट्टीसुद्धा लागत नाही. खोकी भरून तयार आहेत, मशीनला तेल घातलंय.

आजीची गोधडी बाबाच पांघरतात ना अजून? थंडी वाढली असेल, दोन घड्या करून घ्या.

तुमची
मनू

ता. क. दादा, लुगडं इस्त्री करून पाठवू नका. घडीच्या खुणा तशाच राहू देत.